आतली खिडकी

उदगीरच्या तहसीलमध्ये, रेकॉर्ड रूमला लागून,
बंद पडलेलं झेरॉक्स मशीन सरकवून मला टेबल दिलंय.
गॅमेक्सीनचा वास. वर फळीवर लाल फडक्यातले बस्ते,
गाठ सुटू नये म्हणून गाठीवर गाठ.

काम सांगायला सोपं.
माझ्या प्रोग्रॅमच्या खिडकीतच
स्कॅन केलेलं पान दिसायला हवं,
बाहेर दुसरं काही उघडता कामा नये.
हुरदळे साहेबांनी हवेत बोटानं चौकोन काढला:
"इथं सर्वे नंबर, इथं नाव, अन् इथं कागद. एकाच जागी. बास."

पहिल्या दिवशी चौकोन आला. करडा, रिकामा.
कागद उघडला तो बाहेरच,
पाहुण्यानं ओट्यावरूनच पाणी मागावं तसा.
दुसऱ्या दिवशी व्ह्यूअरला माझ्या खिडकीचा पत्ता दिला,
ही तुझी आई, हिच्यात राहा, ही वाढेल तेवढा वाढ.
आला, पण सगळं बिऱ्हाड घेऊन:
मेनू, टूलबार, वर 'नवी आवृत्ती घ्या' म्हणून तगादा.
तिसऱ्या दिवशी लाईट नव्हती.
चौथ्या दिवशी एरर: 'क्लास नॉट रजिस्टर्ड'.

"नोंद नाही," मी बहुतेक मोठ्यानंच म्हणाले,
कारण गजापलीकडं रांगेतली बाई बोलली,
"माझी बी नाही म्हणायलेत, ताई. तीन महिने झाले."

नोंद होती खरं तर.
चौसष्ट बिटांच्या वहीत होती,
आणि माझा प्रोग्रॅम बत्तीसची वही चाळत बसला होता.
काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली, एंटर दाबलं,
चार सेकंद.
बाईकडं बघायचं मी टाळलं.

मग तेराशे चव्वेचाळीस फसलीची सेतवार
चौकोनात येऊन बसली, कडेला कड लावून.
मुनिरोद्दीन चाचांना बोलावलं.
मंगळवारी येतात, पानामागं पैसे,
उर्दू वाचतात आणि मराठीत सांगतात.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, नाक काचेला टेकवलं,
पुढच्या पानाचं बटण दाबलं, परत दाबलं.
"बेटा, किताब उलटी खुलरी तुमारी.
पहिलं पान नेऊन शेवटाला बसवलंय."

स्कॅन करणाऱ्या पोरानं डावीकडून सुरुवात केलेली.
एका सेटिंगची किंमत खोटी होती, मी ती खरी केली.
आमच्या धंद्यात असंच म्हणतात.
हुरदळे साहेब दचकून म्हणाले,
"मॅडम, हे वाक्य इथं नका बोलू."

रांगेतली बाई, सोजरबाई, कधी आत आली कळलं नाही.
बापाचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं: हाळी.
चाचा बोट उजवीकडून डावीकडं सरकवत गेले,
काचेवर त्याचा माग उमटला.
थांबले.
"इथं असायला पाहिजे."
तिथं कसरीनं खाल्लेलं भोक होतं.

मी मोठं केलं, दोनशे टक्के, चारशे टक्के.
भोकही चारशे टक्के झालं.
आठ दिवस मी मरमर करून जी खिडकी बसवली
तिच्या आत ही एक आणखी,
कुणीही न बसवलेली, कडा तांबूस,
आणि तिच्यातून
खालच्या पानावरचं एक अक्षर दिसत होतं.

"नून," चाचा म्हणाले. "पण हा इथला नाही. मागच्या पानाचा आहे."

सोजरबाईनं पदर खांद्यावर घेतला,
माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.
"मागं काय हाय, बगा की."

पुढच्या पानाचं बटण आता डावीकडं आहे.
सवयीनं हात उजवीकडं गेला.